दूर्वा आणि ग्रहणाचा चष्मा

"मॅडम, मी ढोंगी आहे का, एवढंच सांगा."

मी समुपदेशक. समोरच्या खुर्चीत नीट टेकायच्या आधीच प्रश्न आला. २०२५च्या जुलैतली गोष्ट. डोंबिवलीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात फिजिक्स शिकवणारे सर, वय ४४. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. सर तेवढे खरंच सर आहेत.) वडील २०२३च्या डिसेंबरात गेले. पुढच्या वर्षी सिंधुदुर्गातल्या घरचा गणपती काकांनी बसवला. आता थोरला म्हणून पाटावर बसायची पाळी सरांची. मे महिन्यात गावी ते ठरलं आणि तेव्हापासून यांची झोप उडाली.

घोर सगळा प्राणप्रतिष्ठेचा. मूर्तीच्या हृदयाला दूर्वा लावायच्या आणि भटजींच्या मागून 'अस्यै प्राणाः प्रतिष्ठन्तु' म्हणायचं. "वर्गात सांगायचं, पुराव्याशिवाय काही मानू नका. आणि घरी मातीत प्राण घालायचे? पाठ्यपुस्तकात पुढेच ५१-क छापलेलं असतं, वैज्ञानिक दृष्टिकोन हे नागरिकाचं कर्तव्य. १९७६ पासून आहे घटनेत. उद्या पोरांनी विचारलं तर?"

विचारलंही होतं एकाने. सत्यनारायणाचा फोटो बायकोने स्टेटसला ठेवला, तो कुणीतरी वर्गाच्या ग्रुपवर टाकला. खाली एक ओळ आली: 'सर, तुम्हीपण?' ती यांना जिव्हारी लागली होती.

हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळे कपडे घालून नेहमी येतो. आयटीतली मुलगी वटपौर्णिमा घेऊन येते, डॉक्टर वडिलांचं श्राद्ध घेऊन येतो. तरीही पहिल्या भेटीत मी चुकले. रामानुजन नामगिरी देवीला मानत, इस्रोची मंडळी उड्डाणाआधी तिरुपतीला जाऊन येतात, असं बरंच ऐकवलं. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मॅडम, माझ्या गणिताचं उत्तर दुसऱ्याच्या वहीत कसं सापडेल?" खरं होतं त्यांचं. मोठ्या माणसांची साक्ष काढली की समुपदेशकाला काम झाल्यासारखं वाटतं आणि समोरचा आला तसाच घरी जातो.

दुसऱ्या वेळी ते मोबाइल उघडूनच आले. 'परंपरेमागचं विज्ञान' छापाचे फॉरवर्ड वर्षभर साठवले होते. कुठे घंटेच्या नादाने मेंदूचे दोन्ही भाग एक होतात, कुठे नासाने ओंकार ऐकलाय. एखादं तरी खरं निघेल, मग पूजा करायला मोकळा, अशी आशा. पण माणूस फिजिक्सचा. एकेक फॉरवर्ड त्यांनी स्वतःच खोडून काढला होता. तुळस म्हणे रात्रीसुद्धा प्राणवायू सोडते. "उजेड नाही तर प्रकाशसंश्लेषण कुठून होणार?" फॉरवर्ड पडला की त्याच्याबरोबर तो विधीही त्यांच्या मनातून पडायचा. आई रोज तुळशीला पाणी घालते ते काही प्राणवायूसाठी घालत नाही, हे त्या नादात राहूनच गेलं. रूढींना 'शास्त्रीय कारण' चिकटवायच्या या हौसेचा मला मनापासून राग आहे. विज्ञानाची थट्टा होतेच, श्रद्धाही उगीच उसनवारीवर जगायला लागते.

मी त्यांना वही दिली. घरात जे जे पाळतात ते लिहायचं आणि प्रत्येकापुढे एकच तपासायचं: यात जगाबद्दल काही दावा आहे का, खरा-खोटा ठरवता येईल असा? दावा असला तर तो सरांच्या प्रयोगशाळेतला विषय, तिथे सवलत नाही. पत्रिकेपुढे त्यांनी लगेच 'दावा' लिहिलं आणि खाली जयंत नारळीकरांची चाचणी टिपली. २००८ साली नारळीकर आणि अंनिसच्या (अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या) मंडळींनी हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका मिसळून ज्योतिषांना ओळखायला दिल्या होत्या. सत्तावीस ज्योतिषांच्या उत्तरांची सरासरी आली ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तर ५०च्या आसपास आली असती. समईपुढे लिहिलं, 'दावा नाही. बरं वाटतं.' भजनापुढे नुसतंच, 'बाबा.'

प्राणप्रतिष्ठेपुढची जागा कोरी होती.

"विसर्जनाच्या दिवशी काय करता?" मी विचारलं. त्यांनी उत्तरपूजा सांगितली. आरती होते, गाऱ्हाणं होतं, मूर्तीवर अक्षता पडतात आणि मग ती जागची जराशी हलवतात. बस्स, तेवढ्याने निरोप झाला. तीच माती डोक्यावरून वहाळावर जाते. सांगता सांगता सर थांबले. त्या रात्री त्यांनी आईला विचारलं, तुला खरंच वाटतं का मूर्तीत प्राण येतात? म्हातारी म्हणाली, "येतात म्हणून तर पाच दिवस पाहुणा. आणि सोडताना माती म्हणूनच सोडतो ना? पाहुण्याला कोण आधारकार्ड विचारतं रे?"

हे सांगताना सर हसले. तीन भेटींत पहिल्यांदा.

माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला हे पटतं असं मात्र नाही. एका गृहस्थांना तो मंत्र तोंडातून काढणं खोटंच वाटत राहिलं. त्यांच्या घरी आता धाकटी बहीण पूजा करते आणि ते मोदकांचं सारण बघतात. तेही ठीकच आहे. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीत आम्ही 'आवडेल' आणि 'झालंच पाहिजे' यांतला फरक दाखवत असतो. 'मी पूजेला बसलंच पाहिजे' आणि 'विज्ञान शिकवणाऱ्याने बसताच कामा नये' ही मला एकाच कारखान्यातली वाक्यं वाटतात.

इथे विषय मिटला असता. पण वहीच्या तळाशी एक ओळ लिहून गिरगटून टाकलेली होती. 'ग्रहण, पोटुशी बाई' एवढं वाचता येत होतं. मी बोट ठेवलं. बराच वेळ सर खिडकीकडे बघत बसले.

१५ जानेवारी २०१०. सूर्यग्रहण. दक्षिणेत कंकणाकृती, आपल्याकडे खंडग्रास. अकराच्या सुमारास लागलं, सुटायला दुपारचे तीन वाजले. सर त्या दिवशी कॉलेजच्या मैदानावर, हातात ग्रहण पाहायचे चष्मे, पुढे पोरांची रांग. राहू-केतू काही नसतात, चंद्राची सावली कशी पडते, हे घसा बसेपर्यंत समजावलं. टाळ्या पडल्या. घरी बायकोला सातवा महिना. पडदे ओढलेल्या खोलीत ती सकाळपासून आडवी. पाणी नाही, विळीला हात लावायचा नाही, कूससुद्धा जपून बदलायची. बाळाचा ओठ फाटेल म्हणून. सर निघाले तेव्हा तिने फक्त बघितलं होतं. "मी बॅग उचलली आणि गेलो, मॅडम. आईशी कोण वाद घालणार?"

गर्भाचा ओठ दुसरा महिना संपता संपता जुळून येतो आणि टाळू त्यानंतरच्या काही आठवड्यांत. सातव्या महिन्यात विळी फिरवली काय आणि न फिरवली काय. दिवस गेलेल्या बाईने दुपारभर कोरडं राहणं मात्र नक्कीच बरं नाही. हे सर्व सरांना तेव्हाही ठाऊक होतं. कुणाला त्रास नाही अशा दूर्वांसाठी यांनी रात्री जागवल्या, आणि जिथे तोंड उघडायला हवं होतं तिथे पंधरा वर्षं गप्प. मी हे असंच त्यांना ऐकवलं. जरा कडक झालं, पण ऐकवलं.

गणपती २७ ऑगस्टला आले. सरांनी पूजा केली. दूर्वा लावताना काय वाटलं, असं मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. सांगितलं ते ७ सप्टेंबरचं. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी खग्रास चंद्रग्रहण, रात्री. वेध दुपारपासूनच. धाकट्या भावाची बायको सहावा महिना संपत आलेली. आईने जाहीर केलं, आता हिचं पाणीसुद्धा ग्रहण सुटल्यावर. भाऊ पेपरमध्ये डोकं घालून बसला. सर म्हणाले, "आई, तू पाळ. तुझ्या पाळण्याला माझं काही म्हणणं नाही. पण ती जेवणार, आणि पाणीही पिणार."

आईने संध्याकाळभर अबोला धरला. मग आठच्या सुमारास स्वयंपाकघरातून आवाज आला. जाऊन बघतात तर आईने वरणभाताच्या पातेल्यांवर एकेक तुळशीचं पान टाकलं होतं आणि सुनेचं पान वाढत होती. स्वतः काही खाल्लं नाही. रात्री गच्चीवर सर पुतण्याला चंद्र दाखवत होते, तेव्हा सूनही वर येऊन उभी राहिली.

"आणि तुमची बायको?" मी विचारलं.

ती ताटं उचलत होती म्हणे. जाता जाता एवढंच म्हणाली, "हे तेव्हा का नाही सुचलं?"

सरांनी पुढच्या भेटीची वेळ मागून घेतली. या वेळी दोघं येणार आहेत.