वाचकांचे प्रश्न : 'लादिनो' म्हणजे नेमके कोण?

प्रश्न : स्पेनमधून 1492 साली घालवून दिलेल्या ज्यूंच्या भाषेला 'लादिनो' म्हणतात, असे मी वाचले होते. ग्वाटेमालाविषयीच्या एका लेखात मात्र हेच नाव तिथल्या एका समाजाला दिलेले आढळले आणि त्या समाजाचा ज्यूंशी काही संबंध दिसला नाही. माझ्याजवळच्या स्पॅनिश कोशात तर 'लादिनो' म्हणजे 'धूर्त' असा अर्थ आहे. हे तीन निरनिराळे शब्द आहेत की एकच?
— एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : शब्द एकच आहे आणि त्याचे मूळ 'लॅटिन' या अर्थाच्या 'लातिनुस' या शब्दात आहे. स्वरांच्या मधला 'त' मृदू होऊन त्याचा 'द' होणे हा स्पॅनिशमधला नेहमीचा ध्वनिबदल आहे. शौरसेनी प्राकृतात 'गच्छति'चे 'गच्छदि' होते, तसाच. मध्ययुगीन स्पेनमध्ये अरबी, हिब्रू आणि लॅटिनपासून निघालेल्या लोकभाषा शेजारी शेजारी नांदत होत्या. त्यांपैकी लॅटिनच्या कुळातल्या लोकभाषेला 'लादिनो' म्हणत आणि ती भाषा येणाऱ्या परक्यालाही, विशेषतः अरबी बोलणाऱ्या मुसलमानाला, तेच विशेषण लावीत. माझ्या मते पुढच्या बहुतेक अर्थांची किल्ली या परक्यापाशी आहे.

'सिदचे काव्य' या जुन्या स्पॅनिश वीरकाव्यातला एक प्रसंग पाहावा. आपल्या मुसलमान यजमानाला ठार मारून त्याची संपत्ती लुटण्याचा बेत दोन ख्रिस्ती सरदार आपल्या भाषेत ठरवीत असतात. तिथला एक 'मोरो लातिनादो', म्हणजे त्यांची भाषा जाणणारा मूर (स्पेनमधला मुसलमान), ते बोलणे ऐकतो आणि यजमानाला सावध करतो. काव्यात शब्दाचे रूप थोडे वेगळे असले तरी कल्पना तीच आहे. ज्याला आपले बोलणे कळत नाही असे आपण समजतो, त्याला ते कळत असेल, तर तो आपल्याला आधी हुशार आणि मग धूर्त वाटू लागतो. आपल्याकडे 'लई पोचलेला गडी' म्हणताना 'पोचलेला' या साध्या शब्दाला असाच रंग चढतो. आपल्या कोशातला 'धूर्त' हा अर्थ याच वाटेने आला असावा असे मला वाटते.

स्पेनची सत्ता समुद्रापार गेली तेव्हा हा शब्दही तिच्याबरोबर गेला. आफ्रिकेतून नुकत्याच आणलेल्या गुलामाला 'बोसाल' म्हणत, तर स्पॅनिश भाषा आणि रीतिरिवाज अंगवळणी पडलेल्याला 'लादिनो'. फिलिपिन्समध्ये तागालोग आणि स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत रचना करणारे कवी 'लादिनो' म्हणून ओळखले गेले. तोमास पिनपिन हा मुद्रक त्यांपैकीच एक. ग्वाटेमालात आधी स्पॅनिश बोलणारा मूळनिवासी 'लादिनो' ठरला आणि पुढे मूळनिवासी म्हणून न गणल्या जाणाऱ्या, स्पॅनिश बोलणाऱ्या मिश्र समाजाचेच ते नाव झाले. म्हणजे ज्या शब्दाने पूर्वी भाषा शिकलेला मूळनिवासी ओळखला जाई, तोच आज मूळनिवासी नसलेल्याची ओळख सांगतो.

आता ज्यूंविषयी. स्पेनमधून निघालेल्या ज्यूंपैकी अनेकांना ऑटोमन साम्राज्यात आसरा मिळाला आणि सालोनिका (आजच्या ग्रीसमधले थेसालोनिकी), इस्तंबूल, इझमीर या शहरांत त्यांनी आपली जुनी स्पॅनिश जपली. हिब्रू धर्मग्रंथाचे लोकभाषेत भाषांतर करण्याला ते 'एनलादिनार' म्हणत. हे भाषांतर हिब्रूच्या शब्दामागे शब्द ठेवीत जाई. 'ही रात्र' यासाठी नेहमीच्या स्पॅनिशमध्ये 'एस्ता नोचे' म्हणतात. पण हिब्रूत 'रात्र' आणि 'ही' या दोन्ही शब्दांना निश्चयवाचक उपपद (इंग्रजीतल्या 'द'सारखे) लागते, म्हणून वल्हांडण या ज्यूंच्या सणाच्या पोथीत 'ला नोचे ला एस्ता' असे येते. बाजारात असे कोणी बोलत नसे; पण मूळ वचनातला एकही शब्द गळू नये ही त्या भाषांतरकारांची निष्ठा होती, आणि ती रचना ओबडधोबड म्हणून हिणवणे मला अन्यायाचे वाटते. 1553 साली फेरारा येथे छापलेले बायबल याच पद्धतीचे आहे. वल्हांडणाची पोथी लोकभाषेत आणण्याची ही गरज आपल्यालाही परकी नाही. 1874 साली पुण्यात छापलेल्या अशा पोथीत बेने इस्रायल या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजासाठी हिब्रूसोबत मराठी भाषांतर दिलेले होते.

म्हणूनच हाइम विदाल सेफिहा या अभ्यासकाने 'लादिनो' हे नाव फक्त या भाषांतराच्या भाषेला द्यावे, असा आग्रह धरला. घरात बोलल्या जाणाऱ्या भाषेला 'जुदेझ्मो', 'एस्पान्योल' अशी नावे होती, तर उत्तर मोरोक्कोतल्या बोलीला 'हाकेतिया' म्हणत. सेफिहा यांनी केलेला हा भेद शास्त्रशुद्ध आहे. तरीही आज बोलीलाही सर्रास 'लादिनो' म्हटले जाते आणि इस्रायलमध्ये या भाषेसाठी 1997 साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय संस्थेनेही हेच नाव घेतले. 1943 साली सालोनिकातले 40,000हून अधिक ज्यू नाझींच्या मृत्युछावण्यांकडे नेले गेले आणि ती बोली जिथे सर्वांत गजबजलेली होती ते शहरच तिला मुकले. एवढे सोसून उरलेल्या लोकांनी आपल्या भाषेला जे नाव दिले, ते चुकीचे ठरवण्याचा अधिकार आपल्याला आहे असे मला वाटत नाही.

आपल्या यादीत आणखी एक भर घालावी. इटलीच्या डोलोमाइट पर्वतरांगांत 'लादिन' नावाची भाषा बोलली जाते आणि इटालियनमध्ये तिलाही 'लादिनो' म्हणतात. तीही लॅटिनचीच लेक आहे, पण स्पॅनिशमधून निघालेली नाही. त्यामुळे मराठीत लिहिताना तिच्यासाठी 'लादिन' हेच रूप ठेवावे, म्हणजे घोटाळा टळेल.