सुट्टीत मुलांसोबत फळांचा कोणता खाऊ करता येईल?

सहा आणि नऊ वर्षांच्या मुलांना मे महिन्याच्या सुट्टीत स्वतःच्या हातांनी करता येईल असा फळांचा पौष्टिक खाऊ आपण विचारला आहे. माझी पहिली पसंती आंबापोळीला, म्हणजेच कोकणातल्या साठाला आहे. रायवळ आंबे स्वच्छ धुऊन मुलांच्या हाती द्यावेत आणि ते मऊ करून, पिळून रस काढण्याचे काम पूर्णपणे त्यांच्यावर सोपवावे, कारण कोपरापर्यंत रस ओघळू देण्याची मुभा त्यांना एरवी क्वचितच मिळते. हा रस गाळून तूप लावलेल्या ताटात पातळ पसरावा, वर मलमलचे कापड बांधावे आणि ताट कडक उन्हात ठेवावे. वरची बाजू सुकली की पोळी उलटवावी. ऊन चांगले असल्यास साधारण दोन-तीन दिवसांत ती तयार होते. आंबे गोड असतील तर साखर मुळीच घालू नये. रोज बोट लावून पोळी किती सुकली हे पाहण्यात मुले अगदी रमून जातात.

इतका धीर नसेल त्या दिवशी पिकलेल्या केळ्यांच्या चकत्या पाच-सहा तास फ्रीझरमध्ये गोठवून मिक्सरमधून फिरवाव्यात. दूध किंवा साय न घालताही आइस्क्रीमसारखा मऊ पदार्थ होतो. मिक्सर मात्र मोठ्यांनीच चालवावा. घरात पाच वर्षांखालील भावंड असल्यास त्याला द्राक्षे उभी चिरूनच द्यावीत, कारण अख्खे द्राक्ष घशात अडकू शकते.