माफीनामा दिलात, आता रोजनाम्याची नक्कल काढा

प्रश्न सोलापुरातल्या बी.ए.च्या एका विद्यार्थ्याचा आहे. गणेशोत्सवातला डीजे आणि सक्तीची वर्गणी यांवर त्याने कॉलेजच्या भित्तिपत्रकात लेख लिहिला. कुणीतरी फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवला आणि धार्मिक भावना दुखावल्याचा गुन्हा दाखल झाला. कॉलेजने सांगितलं म्हणून त्याने माफीनामा लिहून दिला, तरी एका सत्रासाठी निलंबन झालंच. पुढे दोषारोपपत्र दाखल होऊन समन्स आलं, पण परीक्षा असल्याने तो पहिल्या तारखेला गेला नाही. तो विचारतो, 'माफी मागितल्यावर केस मिटत नाही का? पोलीस भरतीचा फॉर्म भरू का?'

माफीने केस मिटते, हा समज घेऊन कितीतरी विद्यार्थी आणि पालक येतात. भारतीय न्याय संहितेच्या कलम 299 चा, म्हणजे जुन्या 295-अ चा गुन्हा तडजोडीत मिटत नाही. फिर्यादी उद्या 'जाऊ द्या' म्हणाला तरी खटला चालवणारं सरकार असतं.

तुमची केस एका कागदावर उभी आहे आणि तो आहे की नाही, हे तुम्ही अजून पाहिलेलंही नाही. तो कागद म्हणजे सरकारची मंजुरी. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या, कलम 217 नुसार केंद्र किंवा राज्य सरकारच्या पूर्वमंजुरीशिवाय कोणत्याही कोर्टाला कलम 299 च्या गुन्ह्याची दखल घेता येत नाही, म्हणजे खटला चालवायला घेता येत नाही. गुन्हा नोंदवायला किंवा तपास करायला ही मंजुरी लागत नाही, म्हणून पोलिसांचं काम तिच्याविना पुढे सरकतं आणि दोषारोपपत्रही दाखल होतं. पोलीस आयुक्तांचं पत्र म्हणजे ही मंजुरी नव्हे. कोर्टात नक्कल अर्ज करा, दोषारोपपत्राची आणि रोजनाम्याची, म्हणजे प्रत्येक तारखेला कोर्टात काय झालं त्या नोंदींची, प्रत काढा. मंजुरीचा आदेश जोडला आहे का, तो कोणाच्या सहीचा आहे, आणि त्याची तारीख कोर्टाने दखल घेतली त्याच्या आधीची आहे की नंतरची, एवढं पाहा. आदेश नसेल किंवा नंतरचा असेल, तर हरकतीचा लेखी अर्ज पुढच्याच तारखेला द्या.

पुढच्याच तारखेला का, तर नागरिक सुरक्षा संहितेच्याच कलम 511 मुळे. मंजुरीतली चूक दाखवून नंतर निकाल उलटवायचा झाला, तर 'ही हरकत आधीच घेता आली असती, घ्यायला हवी होती का' हे वरचं कोर्ट पाहतं. साक्षी-पुरावे होईपर्यंत गप्प बसून अपिलात हा मुद्दा काढणाऱ्यांच्या हातून तो बहुतेकदा निसटलेला असतो.

मात्र मंजुरी नसणं म्हणजे निर्दोष सुटका नव्हे. सरकार मंजुरी घेऊन पुन्हा येऊ शकतं. मुदत गुन्ह्याच्या तारखेपासून तीन वर्षांची आहे आणि मंजुरी मिळण्यात गेलेला काळ त्यातून वजा होतो. सोबत न्याय संहितेचं कलम 302 (जुन्या कायद्यातलं खुनाचं नव्हे, तर धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूने शब्द उच्चारण्याचं, जुनं 298) लावलं असेल, तर त्याला ही मंजुरी लागत नाही; तेही तपासा.

लेख मी वाचलेला नाही, त्यामुळे खात्रीने काही सांगत नाही. पण वर्गणी आणि डीजेवर टीका म्हणजे देवाचा अपमान, हे मला मान्य नाही. सुप्रीम कोर्टाने 1957 मध्येच रामजीलाल मोदी खटल्यात सांगितलं की हे कलम हेतुपुरस्सर आणि द्वेषबुद्धीने केलेल्या अपमानापुरतं आहे. मार्च 2025 च्या इम्रान प्रतापगढी निकालात तर सुप्रीम कोर्टानेच अशा प्रकरणांत गुन्हा नोंदवण्याआधी 14 दिवसांत प्राथमिक चौकशी करणं योग्य ठरेल, असं म्हटलं आहे. तुमच्या बाबतीत ती झाली का, हेही कागदांत दिसेल.

माफीनामा मात्र मला सतावतो. कॉलेजने टाइप करून दिलेल्या कागदावर तुम्ही न वाचता सही केली असेल आणि त्यात 'भावना दुखावण्याच्या हेतूने' असं वाक्य असेल, तर सरकारी वकिलाला सिद्ध करायला सर्वांत अवघड गोष्ट तुम्हीच लिहून दिलीत. दबावाखाली सही घेतली असं म्हणता येईल, कोर्ट मानेलच असं नाही. वीस वर्षांच्या मुलाला केबिनमध्ये उभं करून न वाचलेल्या कागदावर त्याची सही घेणाऱ्या कॉलेजांचाही मला संताप येतो. त्या कागदाची प्रत आजच मागा.

निलंबनाआधी तुमचं म्हणणं ऐकून घेतलं नसेल, तर तो आदेश टिकणं कठीण आहे. मे 2025 मध्ये पुण्यातल्या अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थिनीला बाजू मांडू न देता काढून टाकलं, तेव्हा मुंबई हायकोर्टाने तो आदेश स्थगित करून तिला परीक्षेला बसू दिलं. आता मुंबई हायकोर्टाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे (तिथे बसणाऱ्या खंडपीठाकडे) सोलापूरही आहे, त्यामुळे मुंबईच्या फेऱ्या वाचतात. गुन्हाच रद्द करण्याचा अर्जही तिथेच करता येतो. पण त्याला किती महिने लागतील, ते कोणताही वकील छातीठोकपणे सांगू शकणार नाही.

तारीख चुकवलीत, हे फार वाईट केलंत. परीक्षेचं हॉलतिकीट जोडून वकिलामार्फत गैरहजेरी माफीचा अर्ज देता आला असता. वॉरंट निघालं असेल तर पोलीस घरी येण्याची वाट न पाहता स्वतः कोर्टात हजर व्हा आणि ते रद्द करण्याचा अर्ज द्या. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा; उत्पन्नाच्या अटीत बसलात तर वकील मोफत मिळतो.

भरतीचा फॉर्म भरा. प्रलंबित गुन्ह्याच्या रकान्यात खरं लिहा, गुन्हा क्रमांकासह. नेमणूक देणं भरती करणाऱ्यांच्या हातात राहील. पण माहिती लपवलेली उघड झाली, तर झालेली नेमणूकही जाऊ शकते.