टेम्पो ट्रॅव्हलरची कॅम्पर, म्हणजे राहता-झोपता येईल अशी गाडी करतोय. फ्रिज, पंखा, दिवे, लॅपटॉप चालवायला घरच्या इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी बसवली तर चालेल का?

झोपायच्या जागेत ठेवणार असाल तर नको. 150 अँपिअर-अवरची ट्युब्युलर पन्नास-साठ किलोंची असते, चार्ज होताना हायड्रोजन सोडते, घाटात कलंडली तर ॲसिड सांडते. शिवाय रोज निम्म्याखाली उतरवली की लवकर बसते.

आधी हिशेब मांडा. 12 व्होल्टचा 45 वॉटचा कॉम्प्रेसर फ्रिज आपल्या उकाड्यात निम्मा वेळ चालू राहतो, म्हणजे दिवसाला अर्ध्या युनिटहून थोडं जास्त. पंखा, दिवे, लॅपटॉप, मोबाइल धरून एकूण साधारण एक युनिट. 12.8 व्होल्ट, 200 अँपिअर-अवरच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत अडीच युनिट मावतात. ऊन नसलं तरी दोन दिवस निघतात.

छपरावर 400 वॉटचं सोलर आणि 30 अँपिअरचा एमपीपीटी (पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढून बॅटरी भरणारा कंट्रोलर) लावा. उन्हाळ्यात सव्वा युनिटच्या आसपास मिळेल. पावसाळ्यात कोकणात जाणार असाल तर सोलरवर विसंबू नका, अल्टरनेटरवरून, म्हणजे इंजिनवर चालणाऱ्या जनरेटरवरून, ठरावीक करंटनेच बॅटरी भरणारा 30 अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर घ्याच. तीनेक तास गाडी चालली की एक युनिट भरतं. नुसता रिले (विजेवर चालणारा स्विच) टाकून लिथियम थेट जोडली तर ती मिळेल तेवढा करंट ओढते आणि अल्टरनेटर तापून जळतो.

खरी गडबड वायरिंगमध्ये होते. घराच्या सवयीने 1.5 स्क्वेअर एमएमची वायर टाकतात. फ्रिज बॅटरीपासून सहा मीटर दूर असेल तर जाऊन-येऊन बारा मीटर वायर झाली. कॉम्प्रेसर सुरू होताना 8 अँपिअर ओढले की एक व्होल्टहून जास्त वाटेतच जातो. मग बॅटरीत चार्ज असूनही फ्रिज बंद पडतो आणि दोष बॅटरीला मिळतो! तिथे 6 स्क्वेअर एमएम टाका, गळती पाव व्होल्टवर येते. फ्रिजचं बॅटरी प्रोटेक्शन, म्हणजे व्होल्टेज किती उतरल्यावर फ्रिज बंद व्हायचा ते सेटिंग, ‘हाय’वर असेल तर ‘लो’ करा.

मुख्य फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात हवा आणि तो वायरच्या क्षमतेनुसार निवडायचा. घरातला एसी एमसीबी इथे वापरू नका. डीसीची ठिणगी त्यात विझेलच असं नाही. वायर बारीक तारांची, लवचिक घ्या. वायरच्या टोकाचे लग (धातूची टोपणं) हायड्रॉलिक क्रिंपरने दाबून घ्या. नुसतं सोल्डर केलेला जोड हादऱ्यांनी तडकतो.

इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्ह (घरच्या विजेसारखी सलग लहर देणारा), 1000 वॉटचा पुरे. पूर्ण लोडवर तो नव्वदेक अँपिअर ओढतो, म्हणून बॅटरीला खेटून ठेवा, 35 स्क्वेअर एमएम केबल आणि 125 अँपिअरचा फ्यूज लावा. इंडक्शनचा हट्ट सोडा, गॅस परवडतो.

एमपीपीटीला आधी बॅटरी जोडायची, मग पॅनेल, काढताना उलट. आणि लडाख-स्पितीचा बेत असेल तर शून्य अंशाखाली चार्जिंग थांबवणारी बीएमएस (बॅटरीतली संरक्षक सर्किट) आहे का, हे बॅटरी घेतानाच विचारा, कारण गोठलेल्या लिथियम सेलला चार्ज केलं की तो कायमचा खराब होतो.