परदेशी कंपनीतले नीतिनियम: तुमच्या प्रश्नाला उत्तर

बहुराष्ट्रीय कंपनीत परदेशी रुजू व्हायचंय, तिथले नीतिनियम अंगवळणी पडायला किती वेळ लागेल, असं तुम्ही विचारलंय. भेटवस्तूंची मर्यादा, आचारसंहिता, तक्रारीची हॉटलाइन हे सगळं कंपनी पहिल्याच आठवड्यात शिकवते, वर सहीही घेते. ते मी सांगत बसत नाही. तुमचा प्रश्न वाचून मला आठवला तो एक फॉर्म. त्याचा राग अजून गेलेला नाही.

आमच्या विभागाला एक काम बाहेर द्यायचं होतं आणि निविदा भरणाऱ्यांत माझा शाळेपासूनचा मित्र होता. कामात आपले वैयक्तिक हितसंबंध गुंतले असतील तर ते जाहीर करायचा एक फॉर्म असतो, तो मी आपणहून मागून घेतला. नात्याच्या रकान्यात पर्याय होते: जोडीदार, पालक, मूल, भावंड, भागीदार, कोणतंही नाही. माझ्या पडत्या काळात ज्याने माझं घर सांभाळलं, तो यातला कोण? 'कोणतंही नाही'वर खूण करायला हात धजेना. खाली मोकळ्या जागेत सगळं लिहून दिलं. मग कंप्लायन्सच्या, म्हणजे नियमपालन पाहणाऱ्या विभागाच्या, मेलवर मेल: पैशांचा व्यवहार आहे का, पूर्वी होता का, कागद आहेत का. निवड समितीतून मला बाजूला केलं, ते योग्यच होतं.

पण शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने, मी फॉर्म भरलाय हे ठाऊक असताना, माझ्याविरुद्ध वेगळी तक्रार नोंदवली. दुसऱ्या दिवशी त्यानेच माझ्या मुलीच्या शाळेची चौकशी केली, नेहमीच्या आपुलकीने. त्याच्या लेखी या दोन गोष्टींचा संबंधच नव्हता. मी तो आजही लावतो.

प्रशिक्षणात एक पेच हमखास येतो. अमेरिकेत स्टाउफर आणि टोबी या समाजशास्त्रज्ञांचा त्यावरचा अभ्यास १९५१ साली प्रसिद्ध झाला. तुमचा मित्र गाडी चालवतोय, ताशी २० मैलांची मर्यादा असताना ३५ने, आणि पादचाऱ्याला धडक बसते. दुसरा साक्षीदार नाही. त्याच्यासाठी खोटी साक्ष द्याल? पुढे देशोदेशीच्या व्यवस्थापकांना हेच विचारलं गेलं आणि उत्तरं देशागणिक बदलली. आमच्या वर्गात मी हात वर केला नाही, ना हो म्हणताना, ना नाही म्हणताना. अजूनही करणार नाही.

मात्र दबून जाऊ नका. सचोटी कुणाच्या रक्तात नसते. परदेशी अधिकाऱ्यांना दिलेली लाच जर्मनीत १९९९पर्यंत करातून खर्च म्हणून वजा करता येत असे! अमेरिकेच्या १९७७च्या लाचविरोधी कायद्यात नेहमीचं सरकारी काम लवकर उरकण्यासाठी दिलेल्या किरकोळ रकमेला सूट आहे, ब्रिटनच्या २०१०च्या कायद्यात ती नाही. फ्रान्सच्या माहिती संरक्षण आयोगाने २००५मध्ये अमेरिकन कंपन्यांच्या निनावी तक्रारींच्या हॉटलाइनला नकार दिला, कारण त्यातून खोट्यानाट्या आरोपांना वाव मिळेल असं त्यांना वाटलं. म्हणजे पुढारलेले म्हणवणारे देशही आपसात एकमताचे नाहीत. प्रशिक्षणात कुणी भ्रष्टाचाराची जोखीम असलेल्या देशांचा नकाशा दाखवून तुमच्याकडे वळून पाहिलं, तर हे लक्षात असू द्या.

एकटेपणाचंही विचारलंत. तो सरतो, माणसं भेटतात.

करारावर सही करण्याआधी एवढं लेखी विचारून घ्या: कोणत्या देशांचे कायदे तुम्हाला लागू होतील, तक्रार झाली तर ती तुम्हाला कधी कळवतील, आणि तुमची बाजू ऐकणारा माणूस कोण असेल. माझ्या बाबतीत ती तक्रार निकाली निघाल्यावर दोन ओळींचा मेल आला. माझी बाजू कुणी ऐकून घेतलीच नव्हती.