ट्रिगरची यादी नेमकी कुठून काढावी?

प्रश्न : आमच्या पतसंस्थेच्या पोस्टग्रेस डेटाबेसमधील ट्रिगरचे (टेबलात बदल होताच आपोआप चालणाऱ्या कोडचे) दस्तऐवजीकरण माझ्याकडे आले आहे. इन्फर्मेशन स्कीमातील (डेटाबेसच्या रचनेची माहिती देणाऱ्या भागातील) ‘ट्रिगर्स’ या व्ह्यूमधून, म्हणजे तयार क्वेरीमधून, यादी काढली, तर 23 ओळी आल्या. आधीच्या सहकाऱ्याच्या वहीत मात्र 14 ट्रिगर आहेत, आणि त्यांतला ट्रंकेटची (टेबल एकदम रिकामे करणाऱ्या आज्ञेची) नोंद ठेवणारा ट्रिगर माझ्या यादीत नाहीच. खरे काय मानावे?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : आकडे जुळत नाहीत म्हणून वहीला लगेच दोष देऊ नका. हा व्ह्यू प्रत्येक घटनेसाठी वेगळी ओळ देतो, त्यामुळे इन्सर्ट, अपडेट आणि डिलीट या तिन्हींवर चालणारा एकच ट्रिगर तीन वेळा दिसतो. ट्रंकेटवरचे ट्रिगर तर त्यात येतच नाहीत. शिवाय ज्या टेबलांची मालकी किंवा सिलेक्टपलीकडचा एखादा अधिकार तुमच्या लॉगिनकडे आहे, तेवढ्याच टेबलांचे ट्रिगर तो दाखवतो. निव्वळ वाचनाचे लॉगिन वापरले, तर यादी कोरी येईल आणि ट्रिगरच नाहीत असा समज होईल.

म्हणून यादी ‘पीजी_ट्रिगर’ या सिस्टीम कॅटलॉगवरून, म्हणजे डेटाबेस स्वतःविषयीची माहिती ठेवतो त्या टेबलावरून, काढावी. परकीय कीसाठी (एका टेबलाला दुसऱ्याशी जोडणाऱ्या फॉरेन कीसाठी) डेटाबेस स्वतःच अंतर्गत ट्रिगर तयार करतो. ते ‘टीजीइजइंटर्नल’ या रकान्यावरून वगळावेत. ट्रिगर केव्हा आणि कशावर चालतो हे साठवणाऱ्या ‘टीजीटाइप’ रकान्यातील बिटांची उकल हाताने करत बसण्यात अर्थ नाही, कारण ‘पीजी_गेट_ट्रिगरडेफ’ हे फंक्शन ट्रिगर निर्माण करणारी संपूर्ण आज्ञाच परत देते.

मात्र ट्रिगर चालू आहे की बंद, हे त्या आज्ञेत नसते आणि तुमच्या व्ह्यूतही नसते. ते ‘पीजी_ट्रिगर’मधील ‘टीजीएनेबल्ड’ हा रकाना सांगतो : ‘ओ’ म्हणजे नेहमीप्रमाणे चालू, ‘डी’ म्हणजे बंद, ‘आर’ म्हणजे केवळ रेप्लिका मोडमध्ये (दुसऱ्या सर्व्हरवरचे बदल इथे लागू होताना) चालणारा आणि ‘ए’ म्हणजे सदैव चालणारा. मार्चअखेरीस मोठा डेटा भरताना कोणी ट्रिगर बंद केला आणि पुन्हा चालू करायचा राहिला, तर ते याच अक्षरावरून कळते. माझ्या मते दस्तऐवजातला हा सर्वांत मोलाचा रकाना आहे. एकाच टेबलावर एकाच वेळी, एकाच घटनेवर अनेक ट्रिगर असतील, तर ते नावाच्या वर्णक्रमाने चालतात, हेही नोंदवावे.

ट्रिगर का लिहिला, हे मात्र कोणताही कॅटलॉग आपणहून सांगणार नाही. त्यासाठी ‘कॉमेंट ऑन ट्रिगर’ ही टिपण जोडणारी आज्ञा वापरावी. ट्रिगरची नावे टेबलापुरतीच वेगळी असल्याने त्यात टेबलाचे नावही द्यावे लागते. ट्रिगर ड्रॉप केला की हे टिपणही जाते, तेव्हा ते निर्मितीच्या स्क्रिप्टमध्येच, आज्ञेच्या लगेच खाली ठेवावे.