ब्लूजमधे नवीन आहेस ना, मग जे. बी. लेनोर ऐक

ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं संगीत, फक्त प्रेमभंगाचं नाही रे, जे. बी. लेनोर ऐक आधी. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात जन्मलेला, शिकागोत नाव कमावलेला कृष्णवर्णीय गायक. 1954 मधे त्याने थेट राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरचं नाव घेऊन कर आणि गरिबीवर गाणं केलं, ते मागे घ्यायला लागलं आणि नाव बदलून परत रेकॉर्ड करावं लागलं. पण सुरुवात 1965-66 च्या अकूस्टिक (बिन-इलेक्ट्रिक गिटारवरच्या) रेकॉर्डिंगपासून कर, हेडफोन लावून आणि लिरिक्स समोर ठेवूनच, कारण आवाज इतका पातळ नि गोड आहे की शब्द निसटतात. ‘डाउन इन मिसिसिपी’ मधे तो म्हणतो सशाच्या शिकारीला तरी ठरलेला सीझन असतो, माझ्या शिकारीला बारा महिने मोकळीक... काटा येतो अंगावर! गिटार नंतर वाजव, आधी हे नीट ऐक.